हान्स आयझेंक यांचे पेपर आणि त्यांची सायटेशन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधकांच्या मदतीच्या टेबलावर बसते. मानसशास्त्राचे एम.ए. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी येतात आणि सायटेशनबद्दल, म्हणजे एका लेखाने दुसऱ्याचा संदर्भ देण्याबद्दल, दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. नुसत्या व्याख्या सांगितल्या तर जिना उतरेपर्यंत विसरल्या जातात, म्हणून मी उदाहरणाला एकच माणूस धरते. व्यक्तिमत्त्वाच्या धड्यात आयझेंक सगळ्यांनी पाठ केलेले असतात, आणि सायटेशनच्या बाबतीत जे जे घडू शकतं ते सगळं या एकाच माणसाच्या यादीत सापडतं.

आयझेंक म्हणजे ते बहिर्मुख-अंतर्मुखवालेच ना?

तेच. जन्म बर्लिनचा, १९१६चा. हिटलरच्या राजवटीत तिथे राहायचं नाही म्हणून १९३४ मध्ये देश सोडला आणि पुढे लंडनला स्थायिक झाले. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सिरिल बर्ट यांच्या हाताखाली १९४० मध्ये पीएच.डी. केली. युद्धानंतर मॉडस्ली रुग्णालयाशी जोडलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिॲट्रीत मानसशास्त्र विभाग उभा केला, १९५५ ते १९८३ तिथे प्राध्यापक होते. ४ सप्टेंबर १९९७ रोजी लंडनमध्येच वारले. बहिर्मुखता, मज्जाविकृती आणि मनोविकृती ही तीन परिमाणं तुमच्या नोट्समध्ये आहेतच, ती इथे पुन्हा लिहीत नाही.

त्यांनी एकूण किती लिहिलं?

लिहिलेली आणि संपादित केलेली मिळून ऐंशीच्या आसपास पुस्तकं, आणि हजाराच्या बऱ्याच वर जर्नल-लेख. नेमका आकडा यादी कोण करतो त्यावर हलतो. संपादकीय टिपण, पत्र, परीक्षण, दुसऱ्याच्या पुस्तकातलं प्रकरण, भाषांतरित आवृत्ती यांपैकी काय धरायचं आणि काय सोडायचं, हे ठरवतानाच दोनतीनशेचा फरक पडतो. तुमच्या स्वतःच्या बायोडेटातही हाच घोळ असतो; फक्त तुमच्याकडे तो दोनतीन नोंदींचा असतो.

एक मात्र लक्षात घ्या. त्यांच्या पुस्तकांतली बरीच सामान्य वाचकांसाठी होती. पन्नास-साठच्या दशकांत पेलिकनच्या स्वस्त आवृत्त्यांतून ती रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलपर्यंत पोचली. बुद्धिमापन, ज्योतिष, संमोहन, राजकारण, काहीही वर्ज्य नव्हतं. असं पुस्तक लाखांनी वाचलं गेलं तरी त्याची जर्नलमधली सायटेशन्स मोजकीच असू शकतात. वाचक तळटीप देत नाही.

“हयात असलेल्यांमध्ये सर्वाधिक सायटेशन्स असलेला मानसशास्त्रज्ञ” असं त्यांच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं आहे का?

त्यांच्या मृत्यूच्या सुमाराची ही गोष्ट आहे आणि ती हवेतून आलेली नाही. २००२ मध्ये स्टीव्हन हॅगब्लूम आणि सहकाऱ्यांनी विसाव्या शतकातल्या सर्वांत नामवंत मानसशास्त्रज्ञांची यादी केली. त्यासाठी तीन गोष्टी मोजल्या: जर्नलमधली सायटेशन्स, प्रास्ताविक पाठ्यपुस्तकांतले उल्लेख आणि मानसशास्त्रज्ञांनी दिलेला कौल. शिवाय पुरस्कार, संस्थांची अध्यक्षपदं, कुणाच्या नावावरून संज्ञा रूढ झाली का, अशाही गोष्टी धरल्या.

नुसत्या जर्नल-सायटेशनच्या यादीत फ्रॉइड पहिले, १३,८९०. पियाजे दुसरे, ८,८२१. आयझेंक तिसरे, ६,२१२. फ्रॉइड १९३९ मध्ये गेले, पियाजे १९८० मध्ये. म्हणजे “हयात असलेल्यांमध्ये पहिले” हे जुळतं.

आता त्याच यादीत चौथं नाव कुणाचं असेल? मी हे वर्गात विचारते. मुलं स्किनर म्हणतात, बंडुरा म्हणतात, कुणी मास्लो म्हणतं. चौथं नाव आहे बी. जे. वायनर, ६,२०६. आयझेंकपेक्षा फक्त सहाने कमी. हे कोण? प्रायोगिक आराखड्यांच्या संख्याशास्त्रावरचं एक जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिणारे गृहस्थ. प्रसरण-विश्लेषण करणाऱ्याने पद्धतीच्या परिच्छेदात “वायनर पाहा” लिहायचं, ही तेव्हाची रीतच होती. बंडुरा त्यांच्या मागे, पाचवे.

आणि तिन्ही याद्या एकत्र केल्यावर? स्किनर पहिले, पियाजे दुसरे, फ्रॉइड तिसरे, बंडुरा चौथे, फेस्टिंगर पाचवे. आयझेंक तेरावे. एकाच अभ्यासात एकच माणूस तिसराही आहे आणि तेरावाही. म्हणून “त्यांचा नंबर कितवा?” असं कुणी विचारलं की मी आधी कशात ते विचारते.

सायटेशन म्हणजे नक्की काय मोजतात?

एका प्रकाशनाच्या संदर्भसूचीत दुसऱ्या प्रकाशनाचं नाव आलं, की दुसऱ्याच्या खात्यात एक जमा. बस्स. कौतुकाने आलं, टीका करायला आलं, की गाईड म्हणाले म्हणून आलं, याची नोंद कुठेही होत नाही.

ही मोजणी शक्य केली ती यूजीन गारफील्ड यांनी. १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी कल्पना मांडली आणि १९६४ पासून विज्ञानाची सायटेशन-सूची छापील खंडांत येऊ लागली. कल्पनेचं मूळ गंमतीदार आहे. अमेरिकेतल्या वकिलांकडे एकोणिसाव्या शतकापासून एक सूची असायची. जुना निकाल पुढे कुठल्या खटल्यात उद्धृत झाला आणि तो अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे त्यात पाहता यायचं. गारफील्ड यांनी ती पद्धत विज्ञानात आणली. वकिलांच्या सूचीत निकाल फिरवला गेल्याची खूण असायची; विज्ञानात आली ती फक्त मोजणी. ही खूण मागे राहिल्याचा त्रास पुढे आयझेंक यांच्या प्रकरणात दिसेल.

गूगल स्कॉलरवर एक आकडा, स्कोपसवर दुसरा, वेब ऑफ सायन्सवर तिसरा. खरा कुठला?

तिन्ही खरे, कारण तिघांची झोळी वेगवेगळ्या मापाची आहे. वेब ऑफ सायन्स म्हणजे गारफील्ड यांच्या सूचीचा आजचा वारस, निवडक जर्नलं घेतो. एल्सव्हिअर या प्रकाशकाचं स्कोपस २००४ मध्ये आलं, त्याचा पसारा जास्त. गूगल स्कॉलरही २००४चंच. ते पुस्तकं, प्रबंध, परिषदेतले लेख, कुणी विभागाच्या संकेतस्थळावर टाकलेली पीडीएफ, जे दिसेल ते उचलतं. म्हणून स्कॉलरचा आकडा जवळजवळ नेहमीच सगळ्यांत मोठा असतो.

आयझेंक यांच्यासारख्या पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा फरक फार वाढतो. शिवाय त्यांचं बरंच काम संगणकाच्या आधीचं आहे. एकाच पुस्तकाच्या चार नोंदी दिसतात: मूळ आवृत्ती, पुनर्मुद्रण, अमेरिकन आवृत्ती, आणि कुणीतरी वर्ष चुकीचं टाकलेली चौथी. सायटेशन्स या चौघांत वाटली गेलेली असतात. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीबरोबर बसून आम्ही एकाच पुस्तकाच्या नोंदी मोजायला घेतल्या. सातव्या नोंदीला चहा आला, तिथेच थांबलो.

म्हणून आकडा लिहिताना शेजारी दोन गोष्टी लिहा: कुठल्या डेटाबेसमधून घेतला आणि कुठल्या तारखेला. त्या नसतील तर परीक्षकाला तो पडताळता येत नाही.

एच-इंडेक्स हाताने काढता येतो का?

पाच मिनिटांत. एखाद्याच्या जितक्या पेपरांना किमान तितकीच सायटेशन्स मिळालेली असतात, तो मोठ्यात मोठा आकडा म्हणजे त्याचा एच-इंडेक्स. कॅलिफोर्निया विद्यापीठातले, सान डिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा आणि शेजारी अनुक्रमांक घाला. समजा आकडे आले ३१, १४, ९, ५, ४, ४, १. चौथ्या पेपरला ५ सायटेशन्स आहेत, म्हणजे चार पेपर असे आहेत ज्यांना किमान चार मिळाली. पाचव्याला ४, ती पाचपेक्षा कमी. तेव्हा एच-इंडेक्स ४.

आता पहिल्या पेपरची ३१ पुसून ३,१०० करा. एच-इंडेक्स तरीही ४. मानसशास्त्रात हे कागदावरचं उदाहरण राहत नाही. बॅरन आणि केनी यांचा १९८६चा मध्यस्थ आणि नियामक चलांवरचा पेपर घ्या. गूगल स्कॉलरवर त्याची सायटेशन्स लाखाच्या वर गेली आहेत. एच-इंडेक्सच्या हिशेबात तो इतर पेपरांसारखाच एक पेपर.

आणि हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला, वारला, तरी वाढतच राहतो. नोकरीला दोन वर्षं झालेल्या सहायक प्राध्यापकाची तुलना तीस वर्षं विभागात असलेल्या प्राध्यापकांशी करायची असेल, तर निदान हे आकडे तरी वापरू नका.

आयझेंक यांच्या यादीत मला चिंता आणि लक्ष यांवरचे २००७चे पेपर दिसले. ते तर १९९७ मध्ये गेले ना?

ते मायकेल आयझेंक यांचे पेपर. हान्स यांचे चिरंजीव, बोधात्मक मानसशास्त्रातलं मोठं नाव, तुम्ही एम.ए.ला वापरता त्या जाड पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. शिवाय हान्स यांच्या पत्नी सिबिल आयझेंक याही मानसशास्त्रज्ञ. व्यक्तिमत्त्व प्रश्नावल्यांवर दोघांचं एकत्र काम आहे. घरात तीन आयझेंक. “आयझेंक, १९८५” एवढंच लिहिलंत तर परीक्षकाने कुणाला शोधायचं?

आपल्याकडे तर याहून अवघड. “एस. पाटील” किंवा “ए. कुलकर्णी” टाकून पाहा. रसायनशास्त्रापासून पशुवैद्यकापर्यंत सगळे एका रांगेत उभे राहतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे अर्धे पेपर एका नावावर आणि अर्धे दुसऱ्या, हे मी रोज पाहते. यावर २०१२ पासून ओआरसीआयडी हा संशोधकाच्या ओळखीचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, फुकट. पहिला पेपर पाठवायच्या आधी काढा. दहाव्या पेपरनंतर काढायला आलात तर तुम्ही आणि मी अख्खी दुपार जुने पेपर जोडत बसू.

देवनागरीतली भानगड वेगळीच. आयझेंक, आयसेंक, आयझेन्क, आयसेन्क. मराठी पुस्तकांत सगळी रूपं आहेत. प्रबंध मराठीत लिहीत असाल तर एक रूप धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

१९५२चा मानसोपचारांवरचा पेपर पुढे खोडला गेला म्हणतात. मग त्याला इतकी सायटेशन्स कशी?

खोडणाऱ्यांचीही मोजली जातात म्हणून.

सहा पानांचा पेपर आहे तो. आयझेंक यांनी आधी छापून आलेल्या अहवालांतले सात हजारांहून अधिक रुग्णांचे आकडे एकत्र केले आणि टक्के मांडले: मनोविश्लेषण घेतलेल्यांत ४४ टक्के सुधारले, मिश्र पद्धतीच्या उपचारांत ६४ टक्के, आणि नुसती संस्थेत देखभाल किंवा साध्या डॉक्टरचे उपचार मिळालेल्यांत ७२ टक्के. म्हणजे जितका मानसोपचार जास्त, तितकं बरं होणं कमी! त्यांचं म्हणणं असं की मज्जाविकृतीचे दोन तृतीयांश रुग्ण दोनेक वर्षांत असेही बरे होतात, तेव्हा उपचारांचा उपयोग आहे हे या आकड्यांतून सिद्ध होत नाही.

मानसोपचारकांच्या घरात आग लागल्यासारखं झालं. तुलनेचे गट सारखे नव्हते, ‘सुधारला’ याची व्याख्या प्रत्येक अहवालात निराळी होती, अर्धवट सोडून गेलेल्यांना अपयशात धरलं होतं, असे आक्षेप वर्षानुवर्षं छापून येत राहिले. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून उलटं दाखवलं: उपचार घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो. आयझेंक यांनी १९७८ मध्ये उत्तर दिलं आणि अभ्यास असे एकत्र करण्याच्या त्या सगळ्या मेटा-ॲनालिसिस पद्धतीलाच महामूर्खपणा ठरवलं. आज तीच पद्धत मानसशास्त्रात सर्रास वापरली जाते.

या भांडणात प्रत्येक बाजूने १९५२चा पेपर उद्धृत केला, आणि अजूनही मानसोपचारांच्या परिणामकारकतेवरचं प्रकरण त्यापासूनच सुरू होतं. माझं मत विचाराल तर हा पेपर चुकीचा असूनही त्याचं सायटेशन कमावलेलं आहे. त्याने डिवचलं नसतं तर मानसोपचारांच्या नियंत्रित चाचण्यांना सुरुवात व्हायला आणखी वेळ लागला असता. फक्त हे मला पेपर आणि त्यावरची उत्तरं वाचून कळलं. आकड्यावरून कळण्याचा मार्ग नव्हता.

मी त्यांची प्रश्नावली वापरली, सिद्धान्ताशी माझा संबंध नाही. तरी सायटेशन द्यायचं?

द्यायचंच. १९७५च्या व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीची कितीतरी भाषांत रूपांतरं झाली आणि ज्याने ती वापरली त्या प्रत्येकाने तिचं नाव लिहिलं. मानसशास्त्रात सायटेशनचा मोठा ओघ हा असाच असतो. चाचणी बनवणारे, मापनश्रेणी बनवणारे आणि वायनर यांच्यासारखे पद्धत शिकवणारे वर जातात. यात गैर काही नाही. बहिर्मुखतेबद्दल आयझेंक यांचं म्हणणं पटणारे इतके लोक आहेत, असा अर्थ मात्र त्यातून काढू नका. त्यातल्या कित्येकांना फक्त महाविद्यालयीन मुलांना वाटण्यासाठी एक प्रमाणित कागद हवा होता.

स्वतःच स्वतःला सायटेशन देणं चालतं का?

प्रमाणात चालतं, आणि चालायलाच हवं. आधीच्या कामावर पुढचं उभं असेल तर त्याचं नाव घ्यावंच लागतं. कुठे थांबायचं याचा लिखित नियम नाही. २०१८ मध्ये बुद्धिमत्तेवरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले रॉबर्ट स्टर्नबर्ग यांना मानसशास्त्रातल्या एका आघाडीच्या जर्नलचं संपादकपद सोडावं लागलं. स्वतःच्याच संपादकीयांत स्वतःलाच भरमसाट उद्धृत करत असल्याची टीका झाली होती.

आयझेंक यांच्याबाबत मी याच्या शेजारची एक गोष्ट दाखवते. त्यांनी स्वतः जर्नलं काढली: १९६३ मध्ये वर्तनोपचारांचं, १९८० मध्ये व्यक्तिमत्त्व आणि व्यक्तिभेदांचं. दोन्ही आज प्रतिष्ठित आहेत, दोन्हींनी विषय पुढे नेला. पण पुढे ज्या कामावरून वादळ उठलं त्यातलं बरंचसं याच दोन जर्नलांत छापलं गेलं होतं. घर आपलंच असलं की दारावरचा पहारा सैल होतो. पेपर पाहताना संपादक मंडळाची यादीही पाहा.

ते कर्करोगाचे पेपर. काय झालं होतं?

ऐंशीच्या दशकात आयझेंक यांनी हायडेलबर्गच्या रोनाल्ड ग्रोसार्ट-माटिचेक यांच्याबरोबर लिहायला सुरुवात केली. ग्रोसार्ट-माटिचेक यांच्याकडे युगोस्लाव्हियातल्या त्सर्व्हेन्का या गावातली आणि हायडेलबर्गमधली अनेक वर्षांची माहिती होती. दावा असा: भावना दाबून ठेवणाऱ्या, हताश होणाऱ्या माणसांचा एक ‘कर्करोगप्रवण’ प्रकार असतो आणि रागाने धुमसणाऱ्यांचा एक ‘हृदयरोगप्रवण’ प्रकार. आणि धूम्रपानापेक्षा या स्वभावप्रकारावरून मरणाचा अंदाज चांगला येतो.

इथवर ऐकून मुलं मान डोलावतात, कारण “मनात ठेवतो म्हणून आजार होतो” हे आपल्याकडे घराघरांत म्हटलं जातं. मग मी पुढचा आकडा सांगते. १९९१ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात ६०० आजारप्रवण माणसांना स्वभाव कसा बदलावा याचं एक पत्रक देऊन थोडी चर्चा केली. दुसऱ्या ६०० जणांना ते दिलं नाही. १३ वर्षांत पत्रक मिळालेल्यांपैकी ३२ टक्के वारले, न मिळालेल्यांपैकी ८२ टक्के.

पुन्हा वाचा. एक पत्रक. असं औषध असतं तर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गठ्ठे लागले असते. वैद्यकाच्या इतिहासात असा परिणाम कुठे दिसत नाही, आणि हीच पहिली धोक्याची घंटा होती.

घंटा ऐकली नव्हती असंही नाही. १९९२ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अँथनी पेलोसी आणि लुई ॲपलबी या मानसोपचारतज्ज्ञांनी हे आकडे विश्वासार्ह वाटत नसल्याचं लिहिलं आणि चौकशी मागितली. झाली नाही. आयझेंक यांना अमेरिकन तंबाखू उद्योगाकडून संशोधनासाठी आठ लाख पौंडांहून अधिक मिळाल्याचं १९९६ मध्ये ‘इंडिपेंडंट’ दैनिकाने छापलं. पैसे घेतले म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. पण धूम्रपानाचा दोष हलका करणारं संशोधन वाचणाऱ्याला हे आधी कळायला हवं होतं.

मग २०१९. पेलोसी यांनी पुन्हा सविस्तर लेख लिहिला, तो छापणाऱ्या जर्नलचे संपादक डेव्हिड मार्क्स यांनी किंग्ज कॉलेज लंडनला (आयझेंक यांची इन्स्टिट्यूट आता त्याचाच भाग आहे) जाहीर पत्र लिहिलं, आणि किंग्ज कॉलेजच्या चौकशीने दोघांच्या नावावरचे २६ पेपर ‘असुरक्षित’ ठरवले. २०२० मध्ये १४ पेपर मागे घेतले गेले आणि साठहून अधिक लेखांवर संबंधित जर्नलांनी सावधगिरीची निवेदनं लावली. १९९२ ते २०१९ म्हणजे २७ वर्षं. त्या काळात हे पेपर उद्धृत होत राहिले, पाठ्यपुस्तकांत गेले, आणि एकूण आकड्यात मिसळून गेले. २०१९चे आरोप आणि चौकशी झाली तेव्हा आयझेंक उत्तर द्यायला हयात नव्हते हेही मी सांगते. १९९२च्या टीकेला मात्र त्यांनी जिवंतपणी उत्तर दिलं होतं आणि आपल्या सहकाऱ्याची बाजू सोडली नव्हती.

पेपर मागे घेतला की त्याची सायटेशन्स वजा होतात का?

नाही. जमा झालेली तशीच राहतात आणि नवीही पडत राहतात. वकिलांच्या सूचीतली ती खूण आठवा.

हे एकट्या आयझेंक यांच्या पेपरांचं नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. २०२१ मध्ये मार्ता सेरा-गार्सिया आणि उरी ग्नीझी यांनी अशा पडताळणी झालेल्या पेपरांची सायटेशन्स तपासली. जे पुन्हा सिद्ध झाले नाहीत तेच जास्त उद्धृत होत होते, आणि अपयश जाहीर झाल्यावरही त्यांना उद्धृत करणाऱ्यांपैकी फक्त १२ टक्के त्या अपयशाचा उल्लेख करत होते. निष्कर्ष चटकदार असला की परीक्षकही थोडे सैल सोडतात, असा त्यांचा अंदाज आहे. मला तो पटतो. पत्रकाने मरण टळतं याहून चटकदार काय असणार?

मी उद्धृत करतोय तो पेपर मागे घेतलेला नाही हे कसं पाहायचं?

पेपर नेहमी प्रकाशकाच्या पानावर जाऊन उघडा. सीनिअरने दिलेली पीडीएफ किंवा झेरॉक्स पुरेशी नाही. झेरॉक्सवर रिट्रॅक्शनचा, म्हणजे पेपर मागे घेतल्याचा, शिक्का कधीच उमटत नाही. एका विद्यार्थ्याच्या पहिल्या मसुद्यात वरच्या २६ पैकी एक पेपर होता. त्याच्याकडे विभागाच्या कपाटातली, कडा पिवळ्या पडलेली प्रत होती. वेळीच सापडला म्हणून बरं. शिवाय ‘रिट्रॅक्शन वॉच’चा डेटाबेस आता सर्वांना फुकट खुला आहे. संदर्भसूची पूर्ण झाली की नावं एकेक करून त्यात टाका. शंभर संदर्भांना तासभर लागतो.

मग प्रबंधात आयझेंक वापरायचे की नाहीत?

वापरा. परिमाणांचा सिद्धान्त, प्रश्नावल्या, वर्तनोपचारांतलं काम यांवर त्या चौकशीचा ठपका नाही. वंश आणि बुद्धिमत्तेवरचं १९७१चं लेखन वेगळ्या कारणांनी वादग्रस्त आहे. ते घेतलंत तर त्यावरची टीकाही घ्या. ग्रोसार्ट-माटिचेक यांच्याबरोबरचं काही उद्धृत करायचं असेल तर ते वादाचं उदाहरण म्हणूनच, आणि मागे घेतल्याचा उल्लेख त्याच वाक्यात.

आमच्या गाईडचा एच-इंडेक्स ७ आहे. कमी आहे का?

कुणाच्या तुलनेत? मेंदूच्या प्रतिमांवर काम करणारा पंधराजणांचा गट वर्षाला डझनभर पेपर काढतो. आश्रमशाळेतल्या मुलांच्या भावनिक समायोजनावर एकटीने तीन वर्षं क्षेत्रभेटी करणारी बाई एक काढते. मराठीतून प्रश्नावली प्रमाणित करायलाच दोन वर्षं जातात. गाईड निवडताना आकड्याऐवजी त्यांच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा, मसुदा किती दिवसांत तपासून मिळायचा.

पीएच.डी.साठी स्कोपसमधला पेपर सक्तीचा आहे ना?

यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली आहे. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो विभागातून लेखी घ्या, तोंडी नको.

सक्तीने काय झालं ते आपल्याच पुण्यात मोजलं गेलं आहे. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीमान्य यादीतली जर्नलं तपासून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं: विद्यापीठांच्या शिफारशीवर यादीत शिरलेल्या, पण कुठल्याही मोठ्या निर्देशांकात नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असू शकतात. पुढे यूजीसीचीच केअर नावाची जर्नलांची यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता निवड विद्यापीठांनी आणि तुम्ही करायची आहे. “तीन दिवसांत छापून देतो, प्रमाणपत्रासह” असा व्हॉट्सॲप संदेश आला तर तो मला पाठवू नका. माझ्याकडे भरपूर आहेत.

मराठीत लिहिलेल्या लेखाला सायटेशन मिळतं का?

या मोठ्या डेटाबेसांच्या दृष्टीने जवळपास नाही. देवनागरीतली संदर्भसूची त्यांच्या यंत्रांना नीट वाचता येत नाही, आणि आपली बहुतेक नियतकालिकं त्यांच्या यादीतच नाहीत. लेख मराठीत असला तरी शीर्षक, सारांश आणि संदर्भ रोमन लिपीतही द्यावेत असं मी सुचवते. त्याने थोडा फरक पडतो. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातो आणि तिथून वाचला जातो. आमच्या टेबलाशी एका जुन्या मराठी प्रबंधाची प्रत आहे, शाळकरी मुलांच्या परीक्षा-चिंतेवरची. तिची गूगल स्कॉलरवर एकही नोंद नाही. पुठ्ठा दोनदा नव्याने बांधून घ्यावा लागला आहे.